पिळायचं कुणी? धुण्याच्या एका यंत्राचा इतिहास

आज आपण धुण्याबद्दल बोलणार आहोत. धुणं कसं करायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण धुण्याचं यंत्र कसं तयार होत गेलं, त्यात अडलं कुठे, आणि दूरच्या एका छोट्या देशानं ती अडचण कशी सोडवली, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. घरात मशीन असलेल्यांनी ऐकावी आणि नसलेल्यांनीही ऐकावी.

आधी धुण्याचा हिशेब मांडू. धुणं हे एक काम नसतं. पाणी आणायचं, कपडे भिजवायचे, साबण लावायचा, चोळायचे, धोपाटण्यानं धोपटायचे, खळबळून काढायचे, पिळायचे, वाळत घालायचे, घड्या करायच्या. घरच्यांच्या तोंडी मात्र एकच शब्द, "धुणं झालं का?" या सगळ्यांत अंग मोडणारी कामं दोन. एक, कपडे पाण्यात हलवून-घुसळून मळ सोडवणं. दुसरं, पिळणं. गोधडी धुतलेल्या बाईला पिळणं म्हणजे काय ते विचारा. ती एकटीला पिळताच येत नाही. दोघी दोन टोकं धरतात, उलट्या दिशांनी पीळ देतात, तेव्हा कुठे पाणी निथळतं.

ही दोन कामं अगदी वेगळ्या जातीची आहेत. पहिल्यात कपडा पाण्यात ठेवून हलवायचा असतो, दुसऱ्यात त्या कपड्यातलं पाणी काढून टाकायचं असतं. आपले हात एका कामातून दुसऱ्या कामात सहज जातात, मध्ये थांबावंही लागत नाही. यंत्राला नेमका हाच सांधा जमत नव्हता. म्हणून आजच्या गोष्टीत एकच प्रश्न धरून चालू. घुसळणं संपलं आणि पिळणं सुरू झालं, तर हा बदल करायचा कुणी?

गोष्ट न्यूझीलंडची आहे. ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडे समुद्रात असलेला, मेंढ्यांचा आणि दूधदुभत्याचा देश. स्त्रियांच्या इतिहासात त्याचं नाव मोठं आहे. १८९३ साली तिथल्या सर्व प्रौढ स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला. स्वतःचा कारभार स्वतः चालवणाऱ्या देशांत तो असं करणारा पहिला. केट शेपर्ड आणि तिच्या सोबतिणींनी गावोगाव फिरून सह्या गोळा केल्या होत्या. त्या वर्षीच्या अर्जावर सुमारे ३२ हजार स्त्रियांच्या सह्या होत्या. पण मत मिळालं म्हणून सोमवार टळला नाही. तिकडे सोमवार हा धुण्याचा वार. घरामागच्या खोपटात विटांच्या चुलीवर तांब्याचा मोठा हंडा बसवलेला असे. त्यात कपडे उकळायचे, काठीनं ढवळायचे, गरम कपडे काठीवरच उचलून काढायचे, खाचांच्या फळीवर घासायचे, मग पिळायचे. सगळा दिवस त्यात जाई.

पिळण्यासाठी तिकडच्या बायकांकडे एक साधन होतं. एकावर एक बसवलेली दोन मोठी लाटणी आणि बाजूला फिरवायचा दांडा. रसवंतीतला उसाचा चरक आठवा, तसंच. ओला कपडा एका बाजूनं घालायचा, दांडा फिरवायचा, कपडा दुसऱ्या बाजूनं चपटा होऊन निघतो आणि पाणी खाली गळतं. पुढे वीज आली तेव्हा घुसळणारं मशीन आलं आणि हाच चरक त्या मशीनच्या डोक्यावर बसला, तोही विजेवर. मनगटाचा त्रास वाचला खरा, पण विजेचा चरक हात ओळखत नाही. लहान मुलं उत्सुकतेनं बोटं घालत आणि कोपरापर्यंत हात आत ओढला जाई. अमेरिकेत अशा दुखापती इतक्या झाल्या की डॉक्टरांनी त्यांना 'रिंगर आर्म' असं वेगळं नाव दिलं. म्हणजे घुसळण्याचं काम यंत्रानं घेतलं, पण पिळणं बाईकडेच राहिलं. कपडा टबातून काढून चरकात घालणारे हात तिचेच होते.

मग यंत्र बनवणाऱ्यांनी ठरवलं की एकाच भांड्यात घुसळायचंही आणि पिळायचंही. घुसळायची रीत आपल्या ओळखीची आहे. भांड्याच्या मध्ये पंख असलेला एक खांब उभा करायचा आणि तो थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवायचा. ताक करताना रवीची दोरी आपण एकदा उजव्या हातानं ओढतो, एकदा डाव्या, अगदी तसं. मेकॅनिक त्या खांबाला ॲजिटेटर म्हणतात, आपण त्याला रवीच म्हणू. सगळ्यांच्या रव्या मात्र सारख्या नव्हत्या. अमेरिकेत १९४७ साली फ्रिजिडेअरनं आणलेल्या मशीनची रवी फिरत नव्हतीच. ती वर-खाली होत असे. त्याआधी कित्येक पिढ्या युरोपातल्या बायका दांड्याच्या टोकाला तांब्याची उलटी वाटी बसवून, टबातले कपडे वर-खाली दाबून धूत होत्या. त्याच चालीची आठवण करून देणारं हे मशीन.

पिळण्यासाठी यंत्राची रीत हातापेक्षा वेगळी असते. यंत्र कपड्याला पीळ देत नाही, ते कपडा गरगर फिरवतं. गोफण फिरवताना दगड बाहेर पळायला बघतो, तसंच भोकं असलेलं टोपलं जोरात फिरलं की कपडे त्याच्या भिंतीला चिकटतात. कपड्यांना भिंत अडवते, पाण्याला भोकं अडवत नाहीत. म्हणून पाणी बाहेर उडतं.

आता अडचण बघा. घुसळताना फक्त रवी हलायला हवी, टोपलं मोकळं हवं. पिळताना रवी आणि टोपलं दोन्ही एकत्र गरगर फिरायला हवीत. मोटर मात्र एकच. मग टोपलं मोटरला कधी जोडायचं आणि कधी सोडायचं? पुष्कळ वर्षं याचं उत्तर होतं गिअरबॉक्स. मोटर एका दिशेनं गोल फिरत राही, पट्टा ती गती गिअरबॉक्समध्ये नेई, तिथले दाते गोल गतीची मागे-पुढे गती करत. पिळायची वेळ आली की क्लच टोपल्याला पकडे. थांबवायला वेगळा ब्रेक. दाते, पट्टा, क्लच, ब्रेक, तेल, सगळं एका पेटीत. त्यातलं काही ना काही झिजत असे, आणि झिजलं की मेकॅनिकला बोलवावं लागे.

न्यूझीलंडमध्ये १९३४ साली वूल्फ फिशर आणि मॉरिस पेकल यांनी एक कंपनी काढली. दोघांचं नातं मेव्हण्या-मेव्हण्यांचं झालं. वूल्फची बायको जॉइस ही मॉरिसची बहीण. सुरुवातीला ते बाहेरदेशातून फ्रिज, धुण्याची मशीनं आणि रेडिओ आणून विकत. १९३८ साली सरकारनं बाहेरून माल आणण्यावर परवान्याचे कडक निर्बंध घातले. विकायला माल आणता येईना, तेव्हा त्यांनी तो देशातच बनवायला सुरुवात केली. अनेक वर्षं मोठ्या परदेशी कंपन्यांच्या परवानगीनं त्यांच्याच पद्धतीची मशीनं बनवली. पण देश लहान, गिऱ्हाईक थोडं. मोठ्या देशातला कारखाना एकच भाग लाखांनी पाडतो, तसं यांना परवडत नव्हतं. थोड्या संख्येत, कमी भागांत काम कसं भागवायचं हा विचार त्यांना पहिल्यापासूनच करावा लागला. १९८४ नंतर सरकारनं धोरण बदललं, बाहेरच्या मालाला दारं उघडायला लागली. आता स्वतःचं काही वेगळं असल्याशिवाय टिकणं अवघड होतं.

१९८५ साली त्यांनी 'जेंटल ॲनी' नावाचं मशीन आणलं. मोटरीनं कधी, किती आणि कसं फिरायचं हे त्यात इलेक्ट्रॉनिक पट्टी ठरवत असे. १९९१ साली 'स्मार्ट ड्राइव्ह' आलं. वरून कपडे टाकायचं, बाहेरून बघायला साधं मशीन. पण आतून त्यात गिअरबॉक्सच नव्हता आणि पट्टाही नव्हता.

मग टोपलं जोडायचं-सोडायचं काम कोण करत होतं? पाणी.

हे नीट समजून घेऊ. आपल्या मिक्सरचं भांडं उलटं करून पाहा. तळाशी एक दातेरी चकती दिसेल. मिक्सरच्या मोटरीवरही तशीच चकती असते. भांडं नीट बसलं की दाते दात्यांत अडकतात आणि पातं फिरतं. भांडं थोडं वर उचललेलं असेल, तर मोटर नुसतीच फिरते. स्मार्ट ड्राइव्हचं टोपलं या मिक्सरच्या भांड्यासारखंच आहे. मोटरीचा दांडा खालून वर येतो. रवी त्या दांड्याला कायमची पक्की असते. टोपलं मात्र दांड्यावरच्या दात्यांवर नुसतं बसलेलं असतं. ते वर उचललं की सुटतं, खाली बसलं की अडकतं.

ते वर उचलतं पाणी. टोपल्याला भोकं असताना ते तरंगतं कसं, असं तुम्ही विचाराल. रास्त प्रश्न आहे. वाटी उलटी करून पाण्यात सरळ दाबा. आत हवा अडकते आणि वाटी हाताला वर ढकलते. टोपल्याच्या तळाशी अशीच हवा धरून ठेवणारी जागा केलेली असते. बाहेरच्या टबात पाणी चढायला लागलं की ही हवा टोपल्याला वर ढकलते. काही मिलिमीटर वर उचललं गेलं की दाते सुटतात. आता टोपलं मोकळं, पाण्यावर तरंगतंय. मोटर फिरली की फक्त रवी हलते, इकडे आणि तिकडे. कपडे घुसळले जातात.

धुणं झालं की पंप पाणी बाहेर टाकतो. पाणी उतरलं, टोपलं खाली आलं, दाते पुन्हा अडकले. मोटर थोडीशी हलवून मशीन आधी खात्री करून घेतं की टोपलं नीट बसलंय. मग मिनिटाला सुमारे हजार फेरे घेत रवी आणि टोपलं एकत्र फिरतात आणि कपडे पिळून निघतात.

यातून आणखी एक गोष्ट आपोआप साधली. टबात पाणी भरलेलं असताना टोपलं सुटलेलंच असतं, म्हणून भरल्या पाण्यानिशी ते गरगर फिरणं शक्यच नाही. वेगळं कुलूप लावायची गरज पडली नाही. आणि मशीन पिळत नसेल तर मोटरीला दोष देण्याआधी पाणी जातंय का ते बघायचं. पंपात बटण किंवा सुटी नाणी अडकली, पाणी तुंबलं, तर टोपलं तरंगतच राहणार. यंत्राचं कारण कळलं की दुरुस्तीवाल्याला काय विचारायचं ते कळतं.

मोटरचीही थोडी माहिती घेऊ. टबाच्या खाली, अगदी मधोमध, तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या गोलाकार बसवलेल्या असतात. सुरुवातीच्या मशीनमध्ये त्या ४२ होत्या. या गुंडाळ्या हलत नाहीत. त्यांच्याभोवती उथळ परातीसारखा एक भाग फिरतो आणि त्याच्या काठाला आतून चुंबक बसवलेले असतात. इलेक्ट्रॉनिक पट्टी एकामागून एक ठरावीक गुंडाळ्यांत वीज सोडते, त्या चुंबकाला ओढतात, परात फिरते. वीज सोडायचा क्रम उलटा केला की परात उलटी फिरते. रवीसारखं मागे-पुढे करायला दाते नकोत, नुसता क्रम बदलला की झालं. थांबवायचं तेव्हाही मोटरच स्वतःला थोपवते. परात थेट दांड्याला जोडलेली, म्हणून पट्टा नको.

या मोटरीची दुसरी गंमत तिकडच्या शेतकऱ्यांनी शोधली. सायकलच्या डायनॅमोत चाक फिरलं की चुंबक फिरतो आणि दिवा लागतो. तसंच ही परात हातानं किंवा पाण्याच्या धारेनं फिरवली तर गुंडाळ्यांतून वीज निघते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात भंगारात गेलेल्या स्मार्ट ड्राइव्हच्या मोटरी काढून लोकांनी छोट्या पवनचक्क्यांना आणि ओढ्यावरच्या पाणचक्क्यांना लावल्या. वीज खाणारी वस्तू वीज देणारी झाली.

कारखान्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २००७ साली कंपनीनं ऑकलंडमधला धुण्याच्या मशीनचा कारखाना थायलंडला हलवायचं जाहीर केलं. मजुरी तिकडे स्वस्त. कमी भागांत काम भागवायचा विचार ज्यांच्या हातांनी वर्षानुवर्षं प्रत्यक्षात आणला, त्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. २०१२ साली चीनच्या हायर कंपनीनं ही सगळी कंपनीच विकत घेतली. त्याच हायरचा एक कारखाना आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे. यंत्रांची नातीगोती अशी दूरवर पसरलेली असतात.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्याकडे खेड्यात आणि छोट्या गावात बहुतेक दोन टबांचं मशीन दिसतं. एका टबात धुवायचं, दुसऱ्यात सुकवायचं. ते स्वस्त असतं, पाणी हातानं भरता येतं, वीज गेली तर काम अर्धवट ठेवून पुन्हा सुरू करता येतं. आपल्या परिस्थितीला ते सोयीचं आहे, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण मघाचा प्रश्न त्याला विचारा. घुसळणं संपल्यावर पिळण्याकडे नेतं कोण? ओले जड कपडे एका टबातून उचलून दुसऱ्यात घालणारी बाई. जुन्या मशीनमध्ये जे काम गिअरबॉक्सनं केलं, न्यूझीलंडच्या मशीनमध्ये पाण्यानं केलं, ते दोन टबांच्या मशीनमध्ये आपण करतो. मशीन चालू असताना आपल्याला तिथून हलता येत नाही, ते यामुळेच. म्हणून "मशीन आहे ना, मग तुला काय काम?" असं कुणी म्हटलं तर हा सांधा त्याला दाखवून द्यावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. वरून कपडे टाकायच्या आपोआप चालणाऱ्या मशीनला एका धुण्याला शंभर लिटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहून जास्त पाणी लागतं. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. पंधरा लिटरची बादली धरली तर जवळपास सात बादल्या. नळाला दाबानं पाणी असेल तर बाईच्या पाठीवर यातलं काही येत नाही. पण ते पाणी हापशावरून किंवा टँकरवरून डोक्यावर आणायचं असेल तर मशीननं मनगट वाचवलं आणि मान धरली. टोपलं उचलणारं पाणी आधी कुणीतरी घरापर्यंत उचलून आणलेलं असतं.

तिसरी गोष्ट एका अभ्यासक बाईंनी सांगितलेली. अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवन यांचं 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक १९८३ साली आलं. घरात यंत्रं आली तरी गृहिणीच्या कामाचे तास अपेक्षेइतके कमी का झाले नाहीत, याचा त्यांनी शोध घेतला. कारण आपल्यालाही पटेल. यंत्र आलं की कपडे जास्त वेळा बदलले जातात, स्वच्छतेची अपेक्षा वाढते. पूर्वी धोब्याकडे किंवा मोलकरणीकडे जाणारं किंवा घरातल्या इतरांनी वाटून घेतलेलं काम एकट्या बाईकडे येतं. एका धुण्याचे कष्ट कमी झाले, पण धुण्यांची संख्या वाढली.

याचा अर्थ यंत्र घेऊ नये असा नाही. बाळंतिणीच्या घरी, आजारी माणसाच्या घरी, पाठदुखी असलेल्या बाईला मशीन म्हणजे खरा आधार आहे. काही गट मिळून मशीन घ्यायचा, चादरी-गोधड्या धुऊन द्यायचा व्यवसाय करायचा विचार करतात. कर्जाचा ठराव लिहिण्याआधी त्यांनी दुकानदाराला रंग आणि ऑफर विचारण्याबरोबर आणखी काही विचारावं. एका धुण्याला पाणी किती लागतं? नळाला दाब किती हवा? धुण्यापासून पिळण्यापर्यंतचा बदल मशीन आपोआप करतं की हातानं करावा लागतो? मोटर पट्ट्यानं जोडलेली आहे की थेट? कुठला भाग लवकर झिजतो आणि तो आपल्या तालुक्याच्या गावी मिळतो का? भिजलेल्या गोधडीचं वजन या टोपल्याला पेलेल का? ज्याला उत्तरं येत नाहीत त्याच्याकडून घाईनं घेऊ नये.

आणि एक काम बैठकीतच करता येईल. वहीच्या एका पानावर धुण्यातली सगळी कामं एकाखाली एक लिहा, पाणी आणण्यापासून घड्या करण्यापर्यंत. समोर लिहा, आपल्या घरी हे कोण करतं. जिथे "मशीन" लिहाल तिथे थांबून विचारा, ते सगळंच मशीन करतं की मधला सांधा आपला आहे. त्या पानावर घरातल्या दुसऱ्या कुणाचं नाव किती वेळा येतं तेही मोजा. मशीन कोणतं घ्यायचं ते त्यानंतर ठरवा. घरातल्या कुणाला कोणतं काम सांगायचं तेही त्याच पानावरून ठरेल.